आठ तास झोपूनही थकवा? झोपेत श्वास थांबतोय का, ते तपासा

"रात्री दहाला पडतो, सकाळी सहाला उठतो. आठ तास होतात. तरी उठल्यावर वाटतं, आपण झोपलोच नाही." थकव्याची तक्रार घेऊन येणारे अनेक जण अशी सुरुवात करतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून झालेले असते. रक्तदाबाची गोळी चालू असते, कधी दोन-दोन गोळ्या घेऊनही आकडा खाली येत नाही. मग शेजारी बसलेली पत्नी सांगते, "डॉक्टर, हे खूप घोरतात. घोरता घोरता एकदम शांत होतात. मी घाबरून हलवते, तेव्हा मोठा श्वास घेतात आणि पुन्हा सुरू." यावर पती हसून म्हणतात, "हिला वाढवून सांगायची सवय आहे."

त्या भेटीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुधा पत्नीचे असते. झोपेत आपला श्वास थांबतो हे झोपलेल्या माणसाला कळत नाही. ते पाहतो घरातला दुसरा माणूस. म्हणून हा लेख रुग्णांइतकाच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय?

झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणे किंवा फार उथळ होणे, या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार अडथळ्यामुळे होतो. त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात.

नाकातून आलेली हवा घशातून खाली जाते. घशाचा हा भाग मऊ स्नायूंचा असतो, त्याला हाडाचा आधार नसतो. जागेपणी हे स्नायू ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ लोंबते. वाट अरुंद झाली की त्यातून जाणाऱ्या हवेने तिथला भाग थरथरतो. हेच घोरणे. काही जणांत ही वाट पूर्ण मिटते. शहाळ्यातली कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली की जोरात ओढल्यावर चिकटते, तसेच काहीसे इथे होते. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही.

रक्तातला ऑक्सिजन घसरू लागतो. मेंदू धोका ओळखतो आणि माणसाला काही क्षण झोपेतून वर आणतो. स्नायू ताठ होतात, वाट उघडते, मोठ्या आवाजात श्वास आत जातो आणि माणूस पुन्हा झोपतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी आठवत नाही. पण रात्रभर असे घडत राहिले तर गाढ झोप लागतच नाही. घड्याळाप्रमाणे आठ तास झालेले असतात, मेंदूची आणि हृदयाची विश्रांती मात्र झालेली नसते.

दुसरा, कमी आढळणारा प्रकार म्हणजे सेंट्रल स्लीप ॲप्निया. यात वाट मोकळी असते, पण श्वास घेण्याचा संदेश मेंदूकडून काही वेळ येत नाही. हृदय कमजोर झालेल्या काही रुग्णांत आणि अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्यांत तो दिसतो. त्याचे उपचार वेगळे असतात.

"घोरतोय म्हणजे ढाराढूर झोपलाय" हे खरे आहे का?

नाही. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो, पण घोरणे ही गाढ झोपेची खूणही नाही. पुढील गोष्टी असतील तर तपासणी करून घ्यावी.

रात्री:
- मोठ्याने, जवळजवळ रोज घोरणे
- मध्येच श्वास थांबणे आणि मग धाप लागल्यासारखा किंवा गुदमरल्यासारखा श्वास घेणे
- दचकून जाग येणे, सतत कूस बदलणे
- लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागणे
- सकाळी तोंड कोरडे पडणे, डोके जड होणे किंवा दुखणे

दिवसा:
- वर्तमानपत्र वाचताना, टीव्हीसमोर, बसमध्ये किंवा बैठकीत पेंग येणे
- विसरभोळेपणा, कामात लक्ष न लागणे
- चिडचिड, उदासपणा, लैंगिक इच्छा कमी होणे

रात्री लघवीला उठणे म्हणजे साखर किंवा प्रोस्टेट असाच समज असतो. स्लीप ॲप्नियामुळेही असे होते, कारण श्वास अडकताना छातीतील दाबात होणाऱ्या बदलांमुळे हृदयातून लघवी वाढवणारे संप्रेरक जास्त स्रवते.

स्त्रियांमध्ये हा आजार अनेकदा लक्षातच येत नाही. त्या घोरण्यापेक्षा थकवा, झोप न लागणे, डोकेदुखी, उदासपणा अशा तक्रारी सांगतात. त्यामुळे "घरकामाचा ताण आहे", "पाळी जाण्याचं वय आहे" असे म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये या आजाराची शक्यता वाढते. अनेक घरांत पती आधी झोपी जातो, म्हणून पत्नीचा श्वास थांबताना पाहणारे कोणी नसते. अशा वेळी मुलीने, सुनेने किंवा बहिणीने एखादी रात्र शेजारी झोपून लक्ष द्यावे.

कोणाला शक्यता जास्त?

वाढलेले वजन हे सर्वांत मोठे कारण आहे, विशेषतः मान आणि पोटाभोवतीची चरबी. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर शक्यता वाढते. शर्टाच्या कॉलरचे माप पाहिले तरी अंदाज येतो. वय ५० च्या पुढे, पुरुष असणे, घरात इतर कोणाला हा त्रास असणे, थायरॉइड कमी असणे, नाक सतत चोंदलेले असणे, मद्यपान आणि धूम्रपान हीदेखील कारणे आहेत.

पण सडपातळ माणसालाही हा आजार होतो. खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर घशातली जागा मुळातच कमी असते. आशियाई लोकांमध्ये तुलनेने कमी वजनातही स्लीप ॲप्निया दिसतो. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" असे म्हणून तपासणी टाळू नये.

लहान मुले रोज घोरत असतील, तोंडाने श्वास घेत असतील, तर बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड हे कारण असते. मुले दिवसा पेंगण्याऐवजी अतिचंचल होतात, अभ्यासात मागे पडतात. त्यांना बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

उपचार न घेतल्यास काय होते?

श्वास थांबला की दर वेळी ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके बदलतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर उच्च रक्तदाब जडतो किंवा आधीचा आटोक्यात येत नाही. हृदयाची अनियमित लय, पक्षाघात, हृदयविकार आणि टाइप २ मधुमेह यांच्याशी या आजाराचा संबंध आहे.

पण त्याहून जवळचा धोका रस्त्यावरचा आहे. ट्रक, एसटी, टॅक्सी किंवा स्वतःची गाडी चालवताना क्षणभर डोळा लागणे जिवावर बेतते, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. चालकाचे काम करणारे रुग्ण ही गोष्ट लपवतात, कारण नोकरी जाईल अशी भीती असते. ती भीती समजण्यासारखी आहे. पण खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, चहा किंवा तंबाखू यांनी झोप हटत नाही. गाडी बाजूला घेऊन १५-२० मिनिटे झोप काढणे हाही तात्पुरताच उपाय. गाडी चालवताना तुम्हाला पेंग येत असेल, तर उपचार सुरू होऊन ती जाईपर्यंत गाडी चालवू नका आणि डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. नीट उपचार घेतल्यावर अनेक चालक पुन्हा कामावर जातात.

झोपेची गोळी घ्यावी का?

झोप चांगली लागत नाही म्हणून अनेक जण औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणतात, कोणी रात्री एखादा पेग घेतात. स्लीप ॲप्नियाची शक्यता असेल तर हे टाळावे. दारूने आणि काही झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदूची जाग येण्याची क्रिया मंदावते. श्वास जास्त वेळ थांबतो आणि ऑक्सिजन जास्त घसरतो. गोळी आधीपासून चालू असेल तर ती अचानक बंद करू नका. डॉक्टरांना सांगून त्यांच्या सल्ल्याने बदल करा.

निद्रानाश हा वेगळा विकार आहे. त्यात अंथरुणावर पडूनही झोप येत नाही. स्लीप ॲप्नियात बहुधा झोप पटकन येते, पण ती टिकत नाही. काही जणांना दोन्ही असतात. म्हणून आधी निदान, मग औषध.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करावी?

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. पुढे छातीरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा झोपेच्या विकारांचे तज्ज्ञ यांच्याकडे जावे लागेल. जाताना:

- शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या.
- घोरणे आणि श्वास थांबणे दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढून न्या. आवाज चालू ठेवा.
- दोन आठवडे झोपायची आणि उठायची वेळ, रात्रीच्या जागा आणि दुपारची झोप वहीत लिहा.
- चालू औषधांची यादी आणि रक्तदाबाच्या नोंदी न्या.

डॉक्टर तुम्हाला एपवर्थ नावाची प्रश्नावली देतील. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी ती तयार केली. आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण झाले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर मानतात. उत्तरे देताना घरच्यांनाही विचारा. आपल्याला पेंग येते हे आपण सहसा मान्य करत नाही.

स्लीप स्टडी कशी असते?

निदान झोपेच्या तपासणीनेच पक्के होते. ती दोन प्रकारे होते.

दवाखान्यातील तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. एक रात्र तिथे झोपावे लागते. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांना तारा चिकटवतात. नाकापाशी बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. सुई टोचत नाहीत, दुखत नाही. "एवढ्या वायरी लावून झोप येणार कशी?" असे सगळेच विचारतात. झोप घरच्यासारखी लागत नाही, पण निदानापुरती बहुतेकांना लागते.

घरी करायच्या तपासणीत कमी तारा असतात आणि यंत्र रात्री स्वतः लावायचे असते. मध्यम किंवा तीव्र आजाराची दाट शंका असेल तर ती सोयीची आहे. मात्र हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार असल्यास दवाखान्यातील तपासणी योग्य. घरची तपासणी ठीक आली, पण लक्षणे स्पष्ट असली, तरीही दवाखान्यात तपासणी करावी.

त्या दिवशी केसांना तेल लावू नका, नेलपॉलिश काढा, दुपारनंतर चहा-कॉफी टाळा, दुपारी झोपू नका आणि मद्यपान करू नका. नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

अहवाल कसा वाचावा?

अहवालात एएचआय नावाचा आकडा असतो. झोपेच्या दर तासाला श्वास सरासरी किती वेळा थांबला किंवा उथळ झाला, ते तो सांगतो. किमान १० सेकंदांचा अडथळाच मोजला जातो. मोठ्या माणसांत:

- ५ पेक्षा कमी: सामान्य
- ५ ते १५ च्या आत: सौम्य
- १५ ते ३० च्या आत: मध्यम
- ३० किंवा जास्त: तीव्र

एएचआय ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एक अडथळा. सहा तासांच्या झोपेत १८० वेळा. याशिवाय ऑक्सिजन किती खाली गेला आणि किती वेळ खाली राहिला, हेही पाहावे लागते. केवळ एका आकड्यावरून उपचार ठरत नाहीत.

उपचार काय आहेत?

वजन कमी करणे: वजन जास्त असेल तर हा उपचाराचा पाया. वजन १० टक्के घटले तर एएचआय साधारण चौथाईने कमी होतो, असे अभ्यासात दिसले आहे. वजन कमी करणाऱ्या टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये, लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. मात्र वजन उतरायला महिने लागतात, तोवर दुसरा उपचार थांबवू नये.

झोपण्याची पद्धत: काही जणांचा श्वास उताणे झोपल्यावरच अडकतो. त्यांनी कुशीवर झोपावे. जुन्या टी-शर्टच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला की उताणे होता येत नाही. सौम्य आजारात याचा उपयोग होतो.

सीपॅप यंत्र: मध्यम आणि तीव्र आजारात हा मुख्य उपचार. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी तो शोधला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. नाकावर किंवा नाकातोंडावर मास्क बसवतात आणि यंत्र खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने आत सोडते. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. हे ऑक्सिजनचे यंत्र नव्हे आणि व्हेंटिलेटरही नव्हे. "याची सवय लागते का?" याचे उत्तर चष्म्यासारखे आहे. चष्मा असतो तोवर नीट दिसते, म्हणून आपण त्याला व्यसन म्हणत नाही.

दातांवर बसवायचे साधन: प्रशिक्षित दंतवैद्य मापाने करून देतात. ते खालचा जबडा थोडा पुढे धरते. सौम्य ते मध्यम आजारात किंवा सीपॅप सहन होत नसेल तर उपयोगी.

शस्त्रक्रिया: टॉन्सिल फार मोठे असणे किंवा जबड्याची विशिष्ट ठेवण असणे, अशा निवडक रुग्णांत. नाकाचा वाकडा पडदा सरळ केल्याने श्वास सोपा होतो आणि सीपॅप वापरणे सुकर होते, पण केवळ तेवढ्याने ॲप्निया सहसा बरा होत नाही.

घोरणे थांबवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या क्लिपा किंवा थेंब यांवर विसंबू नका. तोंडाला चिकटपट्टी लावणे तर नाक चोंदलेले असताना धोक्याचे ठरू शकते.

सीपॅपचे पहिले काही आठवडे

अनेकांचे उपचार इथेच फसतात. यंत्र आणतात, दोन रात्री लावतात, गुदमरल्यासारखे वाटते आणि ते कपाटावर जाते. पुढील गोष्टींनी मदत होते:

- दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावून बसा. चेहऱ्याला त्याची ओळख होऊ द्या.
- मास्क मापाचा हवा. दाढी-मिशीमुळे हवा गळत असेल तर वेगळा प्रकार मागा.
- मास्कवर उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. हवा गळते असे समजून ती बुजवू नका.
- घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर वापरा. त्यात डिस्टिल्ड वॉटर रोज ताजे भरा.
- सुरुवातीला दाब हळूहळू वाढण्याची सोय यंत्रात असते. ती चालू करून घ्या.
- मास्क रोज सौम्य साबणाने धुवा, फिल्टर वेळेवर बदला.
- वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर इन्व्हर्टर किंवा बॅटरीवर यंत्र चालेल का, हे घेण्यापूर्वीच विचारा. वीज गेली तर मास्क काढून ठेवा.
- शक्य असल्यास आधी काही दिवस वापरून पाहा, मग विकत घ्या.

यंत्रात वापराचे तास, गळती आणि शिल्लक एएचआय यांची नोंद होते. दोन ते चार आठवड्यांनी ती डॉक्टरांना दाखवा. रात्री किमान चार तास वापर हा सर्वसाधारण निकष आहे, पण झोपेच्या पूर्ण वेळेत लावणे सर्वांत चांगले.

सीपॅपने काय साधते, हेही नीट समजून घ्या. दिवसाची पेंग कमी होते, घोरणे थांबते, रक्तदाब थोडा उतरतो. हृदयविकाराचे झटके टळतात का, याचे उत्तर इतके सरळ नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात २,७०० हून अधिक हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे रुग्ण होते. त्यात सीपॅपने असे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. म्हणून यंत्रासोबत रक्तदाब, साखर, वजन आणि तंबाखू यांकडेही लक्ष द्यावेच लागते.

तातडीने डॉक्टरांना कधी भेटावे?

- गाडी किंवा यंत्र चालवताना डोळा लागला असेल
- रात्री दम लागून उठून बसावे लागत असेल, पायांवर सूज असेल
- सकाळी गोंधळल्यासारखे वाटत असेल, ओठ निळसर दिसत असतील
- छातीत दुखत किंवा धडधडत असेल

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना स्लीप ॲप्नियाबद्दल किंवा त्याच्या शंकेबद्दल जरूर सांगा आणि यंत्र रुग्णालयात सोबत न्या.

घरच्यांसाठी

पेंगणारा माणूस आळशी नसतो आणि चिडचिड करणारा मुद्दाम तसे वागत नसतो. घोरण्याची थट्टा होते, म्हणून अनेक जण पाहुण्यांकडे राहायला जात नाहीत, रेल्वेत रात्रभर जागे राहतात. त्यांना लाजवू नका. आज रात्री थोडा वेळ जागे राहून त्यांचा श्वास ऐका आणि मोबाइलवर नोंदवून घ्या. पुढच्या भेटीत तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. निदानाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.